टाकीवरचं दुसरं नाव

खिन मे,

तू गेल्याच्या पाचव्या दिवशी तुझा फोन वाजला आणि तुझा मेलेला मुलगा बोलला.

आधी एक बाई बोलली. मिझोरामची, दुकान चालवणारी, हिंदी माझ्यासारखीच कामचलाऊ. मी नुकतीच बाजारातून येऊन भाजीची पिशवी ओट्यावर ठेवत होते. तुझा फोन मी रोज चार्ज करून ठेवत होते. दुपारी गच्चीवर जाऊन तू ज्या बहिणीशी बोलायचीस, तिला कोणीतरी कळवायला हवं होतं. वाटलं, तीच असेल. मी त्या बाईला सांगितलं की खिन मे राहिली नाही. ती म्हणाली, "उनका लड़का इधर बैठा है. मैं उसको कैसे बोलूँ?"

मी म्हटलं, "लड़का तो कब का गुजर गया उनका. कोई दूसरा होगा."

"नहीं, एक ही लड़का है. झॉ. फौज छोड़ के भाग आया है. माँ ने उसको बोला था, नागपुर में कमरा है."

मग मागून पुरुषाचा आवाज आला. तुमच्या भाषेतले पंचवीस-तीस शब्द मला येतात, तूच शिकवलेले. 'अमे' म्हणजे आई, हा त्यातला एक. तो तेवढा एकच शब्द म्हणत होता, पुन्हा पुन्हा. मी फोन बंद केला आणि खाली फरशीवर बसले.

यांनी विचारलं, "काय झालं?"

"खिनचा पोरगा जिता हाय."

"मंग बरं झालं ना," हे म्हणाले.

खाणीत तीस वर्षं काढलेल्या माणसाचं डोकं असं चालतं. जो बाहेर आला तो वाचला, पुढचं पुढे. मी त्या दिवशी यांच्याशी जेवणापर्यंत बोलले नाही, आणि जेवताना बोलले ते न बोललेलं बरं होतं.

खिन, मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. ज्याने ही म्हण काढली त्याला तुझ्यासारखी भाडेकरू मिळाली नसावी. भाडेकरू तरी कुठली, बहीणच म्हणायची मी. तीन वर्षं तू मला 'अमा' म्हणालीस, तुमच्याकडे थोरल्या बहिणीला म्हणतात ते. आणि मी तुला ज्या खोलीत ठेवलं ती माझ्या मुलाची, सुमेधची होती, हे तुला पहिल्याच संध्याकाळी ठाऊक झालं होतं.

ती संध्याकाळ मी त्या फोनपासून शंभर वेळा उलगडून पाहिली. आयुष्यभर मुलींना शिवणकाम शिकवलं, त्यामुळे उसवायचं कसं ते मला कळतं. विहारातले भन्तेजी तुला नागपुरात, आमच्या बेसा वस्तीतल्या घरी घेऊन आले. बरोबर तुमच्याकडचा एक तरुण भिक्खू होता, इथे पाली शिकायला आलेला, तो तुझं बोलणं हिंदीत सांगत होता. तुझ्याजवळ एक कापडी पिशवी आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला. तुमच्याच देशाच्या फौजेने गाव जाळलं, तू नदी ओलांडलीस, डोंगर ओलांडलेस, मिझोराममध्ये आठ महिने एका शाळेच्या पडवीत झोपलीस, मग इथे. मी ऐकत होते आणि माझं रक्त तापत होतं. आणि मी म्हणाले, अगदी याच शब्दांत म्हणाले, "त्या फौजेतल्या पोरायले काय माय नसन का? अशा पोराची माय माह्या दारात आली तर मी तिले पानी पन नाही पाजणार."

त्या भोळ्या भिक्खूने माझं प्रत्येक वाक्य तुला तुमच्या भाषेत सांगितलं. तेही सांगितलं. तुझ्या हातात माझ्याच घरचा पाण्याचा पेला होता. तू तो खाली ठेवलास.

मग मी तुला वर खोली दाखवायला नेलं. भिंतीवर सुमेधचा फोटो होता. तू बोटाने विचारलंस. मी सांगितलं, चोवीस वर्षांचा होता, ताप आला, चार दिवसांत गेला. तू फोटोकडे बघत राहिलीस आणि मोडक्या हिंदीत म्हणालीस, "मेरा भी लड़का. गोली लगा. मर गया." छातीवर बोट ठेवून दाखवलंस, कुठे लागली ते.

यात माझ्या ऐकण्याची चूक नाही, खिन. तुझ्या हिंदीचीही नाही. जागासुद्धा दाखवलीस तू.

मी तुला तिथेच मिठी मारली. सुमेधच्या जाण्यानंतर मी कोणासमोर रडले नव्हते. सगळे सांत्वनाला येणारे, त्यांची पोरं घरी जेवायला वाट बघत असलेले. तू पहिली होतीस जिचं घर माझ्याइतकंच रिकामं होतं. असं मला वाटलं. मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस. आता कळतं की त्या खोलीत मेलेल्या मुलाची आई एकच होती.

तुला घाबरवून खोटं बोलायला मीच लावलं, असं हे म्हणतात. "पानी नाही पाजणार म्हनलं तू. मंग काय करन ते? मायच हाय शेवटी." बरं, पहिल्या संध्याकाळचं मी माफ करते. कुठल्याही कोर्टात माफ होईल. पण त्यानंतर तीन वर्षं होती. हजारभर दुपारी होत्या. आपण शेजारी बसून वाल सोलले, सांडगे घातले, माझ्या मोतीबिंदूच्या वेळी तू दर दोन तासांनी माझ्या डोळ्यांत औषध घातलंस. त्यातली एक दुपार तुला सापडली नाही?

आपलं भांडण फक्त एकाच गोष्टीवरून होतं आणि त्या भांडणाची मला आज आठवण येते, कारण त्यात तू खरी होतीस. नारळ. आल्यावर सहा-सात महिन्यांनी एकदा मी वर गेले तर कोपऱ्यात खिळ्याला नारळ टांगलेला, त्याला लाल फडकं गुंडाळलेलं. मी ओरडलेच. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरी येऊन देवघरातले सगळे देव टोपलीत भरून कन्हान नदीत सोडले. आजी काठावर बसून रडत होती म्हणतात. तेव्हापासून आमच्या घरात नारळ आला तर चटणीसाठी. आणि इथे हजार वर्षांची बौद्ध म्हणवणारी तू, घर राखणाऱ्या कुठल्या राजाच्या भुतासाठी नारळ टांगून बसलीस.

"काढ तो," मी म्हटलं. "बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आहे हे."

तोवर तू मोहल्ल्यातून बोली उचलली होतीस. गल्लीतल्या बायका तुला खिनबाई म्हणत आणि तू त्यांच्याच चालीत उत्तर देत होतीस. तू हसून म्हणालीस, "अमा, तुमी नवे बौद्ध हाय, म्हनून कडक. आमी जुने, म्हनून ढिल्ले."

हे वाक्य मी विहारात, लग्नात, बचत गटात, सगळीकडे सांगितलं. लोक पोट धरून हसायचे. नारळ मात्र मी काढायला लावला आणि तू काढलास. विचारलं होतं मी, घर तुझं जळालं, माणूस राहिलं नाही, मग हा राजा राखतो कोणाला? तू फडक्याची गाठ घट्ट करत राहिलीस. परवा तुझं कपाट आवरलं तर तो नारळ साड्यांच्या मागे होता, फडक्यासकट, आतून सुकून खुळखुळणारा. मी टाकून दिला. मग कचऱ्याची गाडी यायच्या आत बाहेर जाऊन परत उचलून आणला. का, ते मला विचारू नकोस.

आणि टाकी. खिन, त्या टाकीचं मी काय करू?

सुमेधच्या पाचव्या स्मृतिदिनाला आम्ही विहारात थंड पाण्याची टाकी दिली. स्टीलची, तीन नळांची. पेंटर नाव लिहायला आला तेव्हा मी त्याला सांगितलं, निळ्या अक्षरात लिही, "कालकथित सुमेध आणि कालकथित झॉ यांच्या स्मरणार्थ". तू पेंटरचा हात धरलास. "नाही अमा. माह्या पोराचं नाही. फक्त सुमेध." मला वाटलं भीड आहे. मी म्हटलं, दोघं भाऊ आहेत आता, एकट्या सुमेधला तिथे बरं वाटेल का? तू परत म्हणालीस, नको. मी तुला रागावले. शेवटी तू पेंटरचा हात सोडलास आणि बाहेर जाऊन चपलांपाशी उभी राहिलीस. पेंटरने लिहिलं. तेव्हापासून विहारात येणारा प्रत्येक जण त्या नावाखाली पाणी पितो. उन्हाळ्यात तर रांग असते. एका जिवंत सैनिकाला आम्ही कालकथित करून ठेवलं आणि त्याचं पुण्य वाटत बसलो.

तुला सांगता आलं असतं. पेंटर, ब्रश, मी आणि तू, एवढेच होतो. "अमा, तो जिवंत हाय." चार शब्द.

पण तू सांगत होतीस, हेही आता कळतंय, आणि त्याचा मला जास्त राग येतो. दर पौर्णिमेला मी चिठ्ठीवर गेलेल्यांची नावं लिहून द्यायची, भन्तेजी वाचायचे, आणि प्रत्येक नावानंतर सगळ्यांनी तीनदा साधु म्हणायचं, पुण्य त्याला पोचावं म्हणून. सुमेधच्या नावाला तुझा आवाज सगळ्यांत वर असायचा. झॉच्या नावाला तू गप्प. एकदाही साधु म्हणाली नाहीस. मी तुझ्याकडे बघायची तर तुझे ओठ मिटलेले, डोळे जमिनीवर. मला वाटायचं, गळा दाटून येतो बिचारीचा. मी तुझ्या वाटचंही साधु जोरात म्हणायची. तू तुझ्या मुलाचं मरण मला सांगू शकलीस, पण त्याला होकार भरू शकली नाहीस. मी होते ना, भरायला.

आणि तो गच्चीवरचा फोन. मी तुला चहा आणून द्यायची, तू फोन मांडीवर उलटा ठेवायचीस. मी म्हणायची, बोल बोल, बहिणीला माझा नमस्कार सांग. तू सांगायचीसही. काय सांगत होतीस त्याला? की इथे एक बाई आहे, तिचा मुलगा मेला, तिच्या चहाला आलं जास्त असतं?

गेल्या महिन्यात तू म्हणालीस, "अमा, मी असली नसली तरी खोली कोनाले देऊ नका." मी तुला चिडवलं, की आता तुझ्या नावाने पाटी लावू का वर. मनातून मात्र मला भरून आलं होतं. वाटलं, तुला सुमेधची खोली सुमेधचीच राहावी असं वाटतं. यांनाही सांगितलं मी, डोळे पुसत. तू तुझ्या मुलासाठी जागा धरून ठेवत होतीस. बसमध्ये रुमाल टाकतात तशी.

तुला आठवतं, तू एकदा विचारलं होतंस, "तुमचा देश कोनाच्या बाजूनं, अमा?" टीव्हीवर कोणी तरी साहेब सांगत होते की आपण शेजाऱ्याच्या भांडणात पडत नाही. मी म्हटलं, देशाचं देशाला ठाऊक, हे घर तुझ्या बाजूनं आहे. तू माझा हात धरून खूप वेळ बसलीस. मी बाजू घेतली होती, खिन. गल्लीतल्या लोकांनी विचारलं, परदेशी बाई कशाला ठेवता, त्यांच्याशी भांडले. कागदपत्रांसाठी साहेबांपुढे उभी राहिले. आणि जिच्या बाजूने उभी राहिले तिचा मुलगा पलीकडच्या बाजूने बंदूक धरून होता. तुझं गाव जळालं तेव्हा तो कुठे होता? तुला माहीत होतं का? तू त्याला कधी विचारलंस का? हे भांडण आपण करायला हवं होतं. मी जिंकले असते किंवा तू, पण समोरासमोर झालं असतं. ते अर्धवट टाकून तू एका सकाळी मेथी निवडता निवडता उशीला टेकल्यासारखी भिंतीला टेकलीस आणि गेलीस. निवडलेली जुडी एका बाजूला, न निवडलेली दुसऱ्या बाजूला. ती भाजी मी त्या दिवशी फेकली नाही. दुसऱ्या दिवशी केली आणि खाल्ली. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. तेव्हाचं माझं रडणं खरं होतं, तेवढं तरी मला परत दे.

काल तुझा जलदान विधी झाला. जाऊ नये असं मी ठरवलं होतं. हे म्हणाले, "नको जाऊ. मी जातो. पन चिठ्ठी कोन लिवन?" चिठ्ठी नेहमी मीच लिहिते. लिहायला बसले आणि मग साडी नेसले.

विहार भरला होता. तुझा फोटो ठेवला होता, शेजारच्या लग्नातला, गालांवर तुझा तो पिवळा लेप लावलेला. गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. तू आलीस त्या दिवशी तुझ्या पिशवीकडे बघून नाक मुरडणारीसुद्धा रडत होती. वाटीत पाणी ओतलं गेलं. चिठ्ठीत मी एकच नाव लिहिलं होतं, तुझं. पण भन्तेजींना सवय. तुझं नाव घेऊन ते त्याच सुरात पुढे म्हणाले, "तसेच त्यांचे सुपुत्र कालकथित झॉ..."

मी उभी राहिले. "भन्ते, ते नाव घेऊ नका. तो मुलगा जिवंत आहे."

सगळा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. मागून कोणीतरी म्हटलं, "काय म्हनते वं बाई?" मी सांगितलं. फौजेत होता, पळून आलाय, खिन मेने आपल्या सगळ्यांना खोटं सांगितलं. अगदी असंच. तुझी लाज राखावी असं मनात आलं होतं, पण मी नाही राखली. तू माझी राखली नव्हतीस. तो पाली शिकायला आलेला भिक्खू, तुमच्याकडचा, त्याने मान खाली घातली. त्याच्या मानेवरून मला कळलं की त्याला माहीत होतं. म्हणजे माहीत नव्हतं ते फक्त आम्हांला.

भन्तेजींनी फक्त तुझं नाव पुन्हा घेतलं. साधु तीनदा म्हणायचं असतं. सगळ्यांनी म्हटलं. मी एकदा म्हटलं आणि पुढे तोंड उघडलं नाही. तुझ्याकडूनच शिकले.

घरी आलो. जेवण झालं, भांडी झाली. मग हे म्हणाले, "ते पोरगं तिथी बसून असन. मायचं तोंड पन नाही पायलं त्यानं." मी म्हटलं, "त्याच्यापाई किती मायायले पोराचं तोंड पायाले भेटलं नाही, ते विचारा." हे म्हणाले, "विचार ना मंग. फोन तर तुह्याजवळच हाय."

आज सकाळी लावला. दुकानवाल्या बाईने त्याला बोलावलं. मी तिला सांगितलं, मी बोलते तसं सांग, काही गाळू नको, गोड करू नको. म्हटलं, खोली रिकामी आहे. ये. पण आधी घरी यायचं नाही. आधी विहारात जायचं. तिथे पाण्याच्या टाकीवर तुझं नाव मेलेल्यांत लिहिलं आहे, ते तुला वाचून दाखवीन. मग त्या टाकीपाशी उभं राहून सांगायचं, फौजेत काय केलं आणि काय पाहिलं. सगळ्यांसमोर. खोटं बोललास तर तिथूनच परत पाठवीन. खरं बोललास तर काय करीन ते मला आज माहीत नाही.

तिने सगळं सांगितलं. त्याने काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "पूछ रहा है, टंकी पे दूसरा नाम किसका है?"

मी म्हटलं, "मेरे बेटे का. कमरा भी उसीका है."

तिने ते त्याला सांगितलं. तो परत 'अमे' म्हणाला. या वेळी कोणाला म्हणाला, मी विचारलं नाही.

पेंटरला मी अजून बोलावलेलं नाही. ते नाव तो येईपर्यंत तसंच राहील, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं म्हणून. गादी उन्हात घातली आहे. सुमेधचा फोटो काढलेला नाही, काढणारही नाही.

आणि खिन, तुझे दोन साधु माझ्याकडे बाकी आहेत. तो बोलेपर्यंत ते मी म्हणणार नाही. तोवर तू थांब.